गोळी, पॅच, जेल की रिंग? पाळी गेल्यानंतरचं हार्मोन कोणत्या वाटेनं घ्यावं

हार्मोन थेरपी घ्यायची, एवढं डॉक्टरांशी बोलून ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कशातून घ्यायची? चिठ्ठीवर औषधाचं नाव बहुतेक वेळा एकच असतं, एस्ट्राडायॉल, म्हणजे एस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं एक रूप. पण ते गोळीत मिळतं, पॅचमध्ये मिळतं, जेल, स्प्रे, क्रीम, रिंग अशा किती तरी रूपांत मिळतं. पुष्कळ जणींना या सगळ्यातलं एकच रूप लिहून मिळतं, बाकीच्यांचा विषयही निघत नाही. मग तीन महिन्यांत मळमळ झाली, पुरळ आलं किंवा घामाच्या वाफा थांबल्या नाहीत की ‘मला हार्मोन मानवत नाही’ म्हणून सगळंच बंद होतं. यातल्या बऱ्याच जणींना हार्मोन मानवलं असतं, फक्त त्याची वाट बदलायला हवी होती. म्हणून प्रत्येक प्रकार रोजच्या वापरात कसा आहे, कुठे फसतो आणि कोणी घ्यावा, हे इथे नीट लिहितो आहोत.

ज्यांना थेरपी चालू शकते त्यांच्यासाठीच हे आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, अलीकडे रक्ताची गुठळी किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल, तर आधी तज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलावं लागतं. आणि वय साठच्या आत असताना किंवा शेवटची पाळी होऊन दहा वर्षं उलटायच्या आत सुरुवात केली, तर फायदा-तोट्याचं गणित सर्वांत चांगलं बसतं.

आधी लिव्हरचं बघा

गिळलेली गोळी आतड्यातून थेट लिव्हरमध्ये जाते आणि मग उरलेल्या शरीरात. त्या पहिल्याच फेरीत लिव्हर एस्ट्राडायॉलचा बराचसा भाग एस्ट्रोन नावाच्या सौम्य रूपात बदलून टाकतं. म्हणूनच गोळीत 2 मिलिग्रॅम औषध घालावं लागतं, तर तेवढंच काम दिवसाला 50 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच करतो. हा चाळीसपट फरक आहे. डोस मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये, हे न बघता ‘गोळी दोनची आणि पॅच पन्नासचा, म्हणजे पॅच कडक’ असं समजणाऱ्या खूप जणी भेटतात. तो समज मनातून काढून टाका.

औषध वाया जातं एवढाच मुद्दा असता तर फार बिघडलं नसतं. पण एवढं एस्ट्रोजेन एकदम लिव्हरमधून गेलं की लिव्हर चेवतं. रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनतात, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. कातडीतून गेलेलं हार्मोन आधी सगळ्या शरीरात फिरतं आणि लिव्हरला त्याच्या वाट्याचं तेवढंच मिळतं. फ्रान्समधल्या ‘एस्थर’ या अभ्यासात (2007) थेरपी न घेणाऱ्या बायकांच्या तुलनेत गोळी घेणाऱ्यांमध्ये शिरांतल्या गुठळ्यांचा धोका सुमारे चौपट दिसला, पॅच आणि जेलवाल्यांमध्ये वाढ दिसली नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर 2019 मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासातही कातडीवाटे घेणाऱ्यांत धोका वाढलेला नव्हता.

चौपट हा शब्द ऐकून घाबरून जाऊ नका. पन्नाशीतल्या, निरोगी, बांध्यानं बेताच्या बाईला गुठळीचा मुळात असलेला धोका इतका कमी असतो की चौपट होऊनही तो लहानच राहतो. पण वजन बरंच जास्त असेल, सिगारेट असेल, आईला किंवा बहिणीला पायात गुठळी झालेली असेल, किंवा वय साठीकडे झुकलेलं असेल, तर ती चौपट मुळातच मोठ्या आकड्याची होते. अशा वेळी गोळी देण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. अर्धशिशी, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, पित्ताशयाचा त्रास, मधुमेह, आतड्यांचे आजार, या सगळ्यांतही पॅच किंवा जेलच बरं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आणखी एक गोष्ट: तोंडातून घेतलेल्या एस्ट्रोजेनमुळे थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन रक्तात वाढतं, आणि वर्षानुवर्षं बसलेला थायरॉइडचा डोस अचानक अपुरा पडायला लागतो. बाईला थकवा येतो, केस गळतात, आणि दोष जातो रजोनिवृत्तीला. पॅच-जेलमध्ये हा घोळ होत नाही.

2002 मध्ये अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा अभ्यास धोके दिसल्यामुळे अर्ध्यात थांबला आणि जगभर बायकांनी थेरपी सोडली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात वापरलेलं औषध काय होतं ते मात्र कमी जणींना माहीत असतं. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं एस्ट्रोजेन 0.625 मिलिग्रॅम आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन 2.5 मिलिग्रॅम, दोन्ही एका गोळीत, रोज. भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय 63. पॅच आणि जेल त्या अभ्यासात नव्हतेच. त्यामुळे त्यातले आकडे उचलून जसेच्या तसे आजच्या पॅचला लावणं चूक आहे.

गोळी

मग गोळी कोणासाठी? जिला वरचं काही लागू नाही, कातडी फार नाजूक आहे, रोजच्या इतर गोळ्या घ्यायची सवय आहेच, आणि एकाच गोळीत एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, गर्भाशयाचं अस्तर सांभाळणारं हार्मोन) दोन्ही हवंय, तिच्यासाठी. सुरुवात 1 मिलिग्रॅमनं करतात, काही जणींना अर्ध्यावरच भागतं, 2 हा नेहमीचा डोस. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत गोळीचा थोडा फायदाही आहे: वाईट कोलेस्टेरॉल ती पॅचपेक्षा जास्त उतरवते.

मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. काही अपस्माराची औषधं आणि क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतात की गोळीतलं हार्मोन टिकत नाही. सिगारेटचाही तोच परिणाम. ‘दोन मिलिग्रॅम घेऊनही वाफा थांबत नाहीत’ ही तक्रार असेल तर डोस वाढवण्याआधी चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

पॅच

आमची पहिली पसंती. एकदा लावला की तीन-चार दिवस विसरून जायचं, रक्तातली पातळी सपाट राहते, आणि सकाळी गोळी घेतली का घेतली नाही हा रोजचा प्रश्न उरत नाही. 25, 37.5, 50, 75 आणि 100 मायक्रोग्रॅम असे डोस मिळतात. हा आकडा पॅच 24 तासांत किती हार्मोन सोडतो त्याचा आहे. काही पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात, काही एकदाच. पाकिटावर हे नीट वाचा, कारण दिसायला दोन्ही सारखेच असतात, आणि साडेतीन दिवसांचा पॅच आठवडाभर ठेवला की शेवटचे तीन दिवस घामाचे जातात.

पॅच फसतो तो लावण्यात, त्यामुळे इथे थोडं थांबू. जागा कमरेच्या खालची: ओटीपोटाची बाजू, नितंबाचा वरचा भाग किंवा मांडी, पत्रकात जी सांगितली असेल ती. छातीवर कधीच नाही. परकराची नाडी किंवा पँटचं इलॅस्टिक जिथे घासतं तिथे नाही. बसल्यावर कातडीला घडी पडते तिथेही नाही; उभ्यानं जागा निवडली आणि मग खाली बसलं की कडा उचकटतात, म्हणून बसूनही एकदा बघा. गरम पाण्यानं आंघोळ झाल्या झाल्या लावू नका. कातडी टॉवेलनं कोरडी दिसते पण आतून अजून घामेजलेली असते. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. त्या जागी तेल, मॉइश्चरायझर, पावडर काही नको. सुगंधी साबणाचा बुळबुळीत थरसुद्धा पॅच सोडवायला पुरतो.

पाकीट कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. कात्रीत पॅचची कड सापडते. मागच्या पारदर्शक कागदाला मधोमध एक चीर असते. पॅच किंचित वाकवला की चीर उघडते. एक अर्धा कागद काढा, चिकट भागाला बोट न लावता तेवढा अर्धा कातडीवर टेका, मग दुसरा अर्धा कागद ओढत ओढत उरलेला भाग बसवा. आता वर तळहात ठेवून किमान दहा सेकंद घट्ट दाबा आणि कडांवरून बोट फिरवा. या दाबण्याला कमी लेखू नका. डिंक कातडीच्या उष्णतेनं मऊ होऊन बारीक रेषांत शिरतो, आणि नुसतं टेकवून सोडलेला पॅच दुसऱ्या दिवशी कपड्यात सापडतो.

पुढचा पॅच दुसऱ्या बाजूला, आणि त्याच जागेवर परत यायला किमान एक आठवडा. काढलेल्या जागी हलका लालसरपणा दिसतो आणि विरतो, त्याची काळजी नको. खाज दिवसभर राहत असेल, फोड येत असतील, तर त्या कंपनीचा डिंक तुमच्या कातडीला चालत नाही. इथे पॅच सोडण्याआधी दुसऱ्या कंपनीचा एकदा लावून बघा; डिंक वेगवेगळे असतात आणि याच एका बदलावर बरेच प्रश्न मिटतात. काढल्यावर राहणारी राखाडी चिकट चौकट साबणानं निघत नाही. बोटावर थोडं तेल घेऊन चोळा, मिनिटभर थांबा, मग पुसा. ही चौकट तशीच ठेवून पुढचा पॅच तिच्यावर लावायचा नाही.

पॅच पडला तर तोच परत चिकटतो का बघा. नाही चिकटला तर नवा लावा, पण बदलायचा वार तोच ठेवा. सोमवार-गुरुवार ठरलेलं असेल आणि पॅच बुधवारी पडला, तर बुधवारी नवा लावून गुरुवारीही बदलायचा. पोहायला, पावसात, शॉवरखाली हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी, सॉना, कडक ऊन थेट पॅचवर नको, कारण उष्णतेनं हार्मोन जास्त वेगानं आत जातं. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो. एमआरआय असेल तर तिथल्या माणसांना आधी सांगा.

कापून अर्धा लावता येतो का, हे हमखास विचारलं जातं. आजकालच्या बहुतेक पॅचमध्ये हार्मोन डिंकातच मिसळलेलं असतं. अशा पॅचचे दोन भाग करून डोस निम्मा करणं शक्य असतं आणि काही डॉक्टर तसं सांगतातही, जरी पत्रकात ते नसतं. ज्या पॅचमध्ये औषधाची छोटी पिशवी असते, तो मात्र कापला की सगळा वाया. 1986 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला पहिला एस्ट्राडायॉल पॅच या पिशवीच्या जातीचा होता. आपल्याकडचा कोणता आहे ते औषधवाल्याला विचारल्याशिवाय कात्री लावू नका.

वापरून झालेल्या पॅचमध्येही बरंच हार्मोन शिल्लक असतं. चिकट बाजू आत करून दुमडा आणि पोरांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा कचऱ्यात टाका.

जेल आणि स्प्रे

जेलचं मोठं बळ म्हणजे डोस बारीक पावलांनी हलवता येतो. पंपात सहसा 0.06 टक्क्यांचं जेल असतं. एका दाबात 1.25 ग्रॅम जेल, म्हणजे 0.75 मिलिग्रॅम एस्ट्राडायॉल. एका दाबानं किंवा दोन दाबांनी सुरुवात, गरज पडली तर तीन, चार. डिंकाची ॲलर्जी असलेल्यांना आणि अंगावर काही चिकटलेलं नको वाटणाऱ्यांना हाच पर्याय. तोटाही याच मोकळेपणातून येतो: रोज करायचं काम आहे, आणि रोज थोडं वेगळं केलं तर रोज थोडं वेगळं हार्मोन आत जातं.

नवा पंप असेल तर पत्रकात सांगितलेले पहिले दाब टाकून द्यायचे. त्यात हवा असते आणि डोस अपुरा येतो. आंघोळीनंतर, कोरड्या कातडीवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला लावायचं. किती जागेवर पसरायचं हे उत्पादनागणिक बदलतं, आणि पुष्कळ जणी चुकतात त्या इथे. पंपाचं जेल मोठ्या भागावर पातळ पसरायला सांगतात. छोट्या पुड्यांमधलं 0.1 टक्क्याचं जेल तळहाताएवढ्या एक-दोन भागांपुरतंच ठेवायचं असतं. पुडीवरून पंपावर गेलात तर जुनी सवय बरोबर नेऊ नका. मालिश केल्यासारखं चोळू नका, नुसतं पसरा. पाच मिनिटांत ते वाळतं. कातडीवरची ओली चमक गेली आणि बोट लावल्यावर चिकचिक उरली नाही की कपडे घाला. त्याआधी बाही ओढली तर डोसातला काही भाग कपड्याला गेला. जेलमध्ये अल्कोहोल असल्यानं वाळेपर्यंत गॅसजवळ किंवा उदबत्तीजवळ जायचं नाही.

त्यानंतर तासभर ती जागा धुवायची नाही, त्यावर सनस्क्रीन किंवा लोशन लावायचं नाही. हात लगेच साबणानं धुवायचे. दुसऱ्या कोणाच्या कातडीचा त्या जागेला स्पर्श होणार नाही, याची काळजी सर्वांत जास्त घ्यायची. लहान मूल दंडावर डोकं ठेवून झोपत असेल तर जेल मांडीला लावा, किंवा सरळ पॅच घ्या. ही भीती कागदावरची नाही: स्प्रेच्या बाबतीत 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला होता, कारण आईच्या हातावरच्या स्प्रेशी संपर्क आलेल्या लहान मुलींमध्ये स्तनांची वाढ आणि मुलग्यांमध्येही छातीला सूज दिसली होती. पाळीव प्राण्यांवरही परिणाम झाले होते.

डोस विसरला आणि पुढच्या वेळेला बारा तासांहून जास्त अवकाश असेल तर आठवल्याबरोबर लावा. कमी असेल तर सोडून द्या. 80 ग्रॅमच्या पंपात 64 दाब असतात. रोज दोन दाब असतील तर तो 32 दिवस पुरतो. तळाशी जेल उरलेलं दिसलं तरी 64 नंतरचे दाब पूर्ण भरत नाहीत, म्हणून पंप उघडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. महिनाअखेरीला वाफा परत सुरू होण्यामागे कित्येकदा हे रिकामं झालेलं डबडंच असतं.

स्प्रे म्हणजे जेलचाच धाकटा भाऊ. एका फवाऱ्यात 1.53 मिलिग्रॅम, जागा मनगट ते कोपर या पट्ट्यातली आतली बाजू, एक ते तीन फवारे शेजारी शेजारी, एकावर एक नाहीत. नळकांड्याचं तोंड कातडीला टेकवूनच दाबायचं, नाहीतर निम्मं हवेत जातं. दोन मिनिटांत वाळतो. जागा लहान, वेळ कमी, म्हणून घाईत असणाऱ्यांना तो आवडतो. पण हाताचा आतला भाग हाच बाळाला उचलण्याचा भाग आहे, हे वरच्या इशाऱ्यासोबत लक्षात ठेवा.

गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन, त्याला पर्याय नाही

गर्भाशय शाबूत असताना नुसतं एस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो; ही वाढ प्रोजेस्टेरॉन रोखतं. दोन्ही हार्मोन एकत्र असलेल्या गोळीत हा भाग आपोआप सांभाळला जातो. पॅच आणि जेल घेणाऱ्यांनी तो स्वतः सांभाळायचा असतो, आणि कातडीच्या वाटेची आमच्या लेखी हीच एक खरी कमजोरी आहे. पॅच डोळ्यांना दिसतो, आठवतो. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल कपाटात राहते.

मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉन साधारणपणे दोन पद्धतींनी देतात. पाळी नुकतीच थांबलेली किंवा अजून अधूनमधून येत असेल तर महिन्यातले 12 ते 14 दिवस रोज 200 मिलिग्रॅम, त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो. पाळी बंद होऊन वर्ष झालं असेल तर रोज 100 मिलिग्रॅम, विनाखंड. कॅप्सूल झोपतानाच घ्यायची, कारण झोप येते. ज्यांची झोप मोडत होती त्यांना हा परिणाम वरदान वाटतो. काहींना सकाळपर्यंत गुंगी राहते, चक्कर येते. तीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला सांगण्याची पद्धत काही डॉक्टरांकडे आहे, त्याबद्दल विचारा. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी आधी वाचा. एस्ट्रोजेनचा डोस वर गेला तर प्रोजेस्टेरॉनही वाढवावं लागू शकतं, त्यामुळे जेलचे दाब दोनाचे चार स्वतःच्या मनानं करू नका.

ज्यांना रोजची आठवण नको, त्यांच्यासाठी 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (हेही प्रोजेस्टोजेनच) गर्भाशयात बसवायची तांबीसारखी वस्तू उत्तम आहे. ती अस्तर पाच वर्षं पातळ ठेवते, वर पॅच किंवा जेल लावलं की काम पूर्ण, आणि चाळिशीच्या उत्तरार्धात अजून गर्भ राहण्याची शक्यता असेल तर तेही सांभाळलं जातं. पॅच, जेल किंवा हार्मोन थेरपीची नेहमीची गोळी हे गर्भनिरोधक नव्हे, हे इथेच सांगून ठेवतो. दोन्ही हार्मोन असलेला पॅचही मिळतो. विसरण्याचा प्रश्न तिथे सुटतो, पण दोन्हींचं प्रमाण ठरलेलं असतं, हलवता येत नाही. अंगाला चोळायची प्रोजेस्टेरॉन क्रीम मात्र अस्तराच्या रक्षणासाठी अजिबात धरू नका. तेवढं हार्मोन त्यातून आत जात नाही.

पिशवी काढलेली असेल तर सहसा नुसतं एस्ट्रोजेन पुरतं. अपवाद दोन: पिशवीचं तोंड मागे ठेवलेलं असणं आणि मोठ्या प्रमाणावर एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असणं. शस्त्रक्रियेचा कागद शोधून काढा, आठवणीवर विसंबू नका.

फक्त खालचा त्रास असेल तर

वाफा नाहीत, झोप ठीक आहे, पण योनीमार्ग कोरडा पडलाय, संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते, वर्षातून चार-चार वेळा लघवीचा संसर्ग होतो. एवढ्यासाठी सगळ्या शरीराला हार्मोन देण्याची गरज नसते. जागेवर लावायचं एस्ट्रोजेन हा या सगळ्या यादीतला सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत निर्धोक प्रकार आहे, आणि तो घ्यायला बायका इतक्या का घाबरतात हे त्याच्या खोक्यातलं लांबलचक पत्रक वाचलं की कळतं. तिथे गोळीचे सगळे धोके छापलेले असतात.

10 मायक्रोग्रॅमची योनीमार्गात ठेवायची बारीक गोळी घ्या. दोन आठवडे रोज एक, मग आठवड्यातून दोन. पहिल्या वर्षाच्या सगळ्या गोळ्या मिळून एस्ट्राडायॉल भरतं 1.14 मिलिग्रॅम. तोंडावाटे घ्यायच्या एका साध्या गोळीत साधारण एवढंच असतं. म्हणूनच सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. क्रीम जास्त लवचीक: बाहेरच्या भागाला, लघवीच्या तोंडाशी, बोटावर वाटाण्याएवढं घेऊन लावता येतं, आणि जळजळ तिथेच जास्त असेल तर आतल्या गोळीपेक्षा याचा उपयोग होतो. ती ओघळते म्हणून रात्री लावा. क्रीम आत सोडायची नळी कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवा, उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडी होते. तेलाच्या आधारावरच्या क्रीमनं लॅटेक्सचा कंडोम कमजोर पडू शकतो.

रिंग ज्यांना बोटांच्या दुखण्यामुळे आठवड्यातून दोनदा नळी हाताळणं जमत नाही त्यांच्यासाठी. 2 मिलिग्रॅमची मऊ रिंग दिवसाला 7.5 मायक्रोग्रॅम सोडत 90 दिवस आत राहते, संबंधांच्या वेळी काढावी लागत नाही. नीट बसली की जाणवत नाही. जाणवत असेल तर ती पुरेशी आत गेलेली नाही, बोटानं आणखी ढकला. बद्धकोष्ठतेत जोर केल्यावर बाहेर येऊ शकते, मग कोमट पाण्यानं धुऊन परत ठेवायची. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर ती टिकत नाही. आणि दिसायला तशीच, पण रोज 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम सोडणारी दुसरी एक रिंग असते. ती सगळ्या शरीरासाठी असते आणि तिच्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय कुठलीच रिंग घरी आणू नका.

परिणाम पूर्ण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बंद केलं की त्रास परत येतो, कारण कोरडेपणा वाफांसारखा काही वर्षांनी आपोआप जात नाही.

कातडीखालचे पेलेट

याला आमची शिफारस नाही. छोटी चीर देऊन नितंबाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढे दाणे घालतात, तीन ते सहा महिने काही बघायला नको, अशी त्याची जाहिरात असते. बऱ्याच ठिकाणी हे दाणे मागणीनुसार बनवून देतात, कारखान्यातल्या मंजूर औषधासारखी प्रत्येक खेपेची तपासणी त्यामागे नसते. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे: डोस जास्त झाला तर काढता येत नाही. पॅच ओढून काढला की प्रश्न दिवसभरात निवळतो. इथे स्तन दुखणं, रक्तस्राव, आणि टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं असेल तर चेहऱ्यावरचे केस आणि जाड होणारा आवाज, हे सगळं दाणा विरेपर्यंत सोसायचं. पातळी खूप वर जाऊन उतरायला लागली की आकडा अजून भरपूर असतानाही वाफा परत येतात, आणि पुढचा दाणा आणखी लवकर मागितला जातो.

बदल करताना

एका रूपातून दुसऱ्यात जाताना साधारण बरोबरी अशी धरतात: 1 मिलिग्रॅम गोळी, 25 चा पॅच, पंपाचा एक दाब, एक फवारा. 2 मिलिग्रॅम गोळी, 50 चा पॅच, दोन दाब, दोन फवारे. हा नुसता अंदाज आहे, कारण कातडीतून किती आत जातं ते बाईगणिक बदलतं. गोळी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी पॅच किंवा जेल सुरू करता येतं, मध्ये रिकामे आठवडे ठेवायची गरज नाही. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांना किंवा अंडाशय काढलेल्या तरुण बायकांना सहसा जास्त डोस लागतो, बऱ्याचदा 100 चा पॅच. त्यांनी पन्नाशीतल्या मैत्रिणीच्या डोसाशी तुलना करू नये.

नव्या डोसाला सहा ते बारा आठवडे द्या. तोवर किती वेळा घाम फुटला, रात्री किती वेळा जाग आली, रक्तस्राव कधी झाला, हे तारखेनिशी लिहा. पॅच किंवा जेल नीट लावूनही वाफा तशाच असतील तर रक्तातलं एस्ट्राडायॉल तपासायला अर्थ आहे. आकडा खूप कमी आला तर कातडी घेत नाहीये, जागा किंवा रूप बदला. गोळीवर असताना ही तपासणी फारशी काही सांगत नाही, कारण बरंच हार्मोन एस्ट्रोनच्या रूपात फिरत असतं. स्तन दुखत असतील, अंग जड वाटत असेल, तर डोस जास्त होतोय. पॅच एक पायरी खाली आणा.

रोज प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांना पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधूनमधून डाग दिसणं हे सर्रास होतं, तेवढ्यासाठी थेरपी सोडू नका. सहा महिने उलटूनही ते चालू राहिलं, किंवा महिनोन् महिने काही नसताना अचानक रक्त गेलं, तर पॅचची कंपनी बदलत बसू नका. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघून घ्या, आणि जाताना ती तारखांची वही बरोबर न्या. त्यात कॅप्सूल किती दिवस राहिल्या होत्या तेही प्रामाणिकपणे लिहिलेलं असू द्या, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.